व्हायोलाची काटकुळी वाढ : तंजावूरच्या चौकातील निदान आणि उपाय

डिसेंबरच्या उत्तरार्धात ईशान्य मोसमी पाऊस ओसरू लागला की कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हवा थोडी हलकी होते. तंजावूरच्या फुलबाजारात व रोपवाटिकांमध्ये याच सुमारास थंड प्रदेशांतील हंगामी फुलझाडांची मागणी वाढते. निलगिरी, बंगळूर वा होसूरकडून येणाऱ्या प्रो-ट्रेंमधील व्हायोलाची रोपे पाहताक्षणी मोह पाडतात. बुटका, गच्च बांधा, गडद पाने आणि जांभळ्या-पिवळ्या, मांजराच्या चेहऱ्यासारख्या दिसणाऱ्या फुलांची पहिली लहर, असे त्यांचे रूप असते. राजवाडा परिसरातील जुन्या वाड्यांच्या चौकात ती मांडली की चार दिवस चौक उजळून निघतो.

तिसऱ्या आठवड्यात मात्र चित्र पालटते. दांडे लांबतात, पेरांमधील अंतर दुप्पट होते, खालची पाने पिवळी पडतात आणि झाड कुंडीच्या कडेवरून खाली लोळू लागते. फुले येतात, परंतु लहान आणि विरळ. अशा वेळी तीन उपाय हटकून केले जातात : खताची मात्रा वाढवणे, पाणी वाढवणे आणि ऊन लागू नये म्हणून कुंडी आणखी सावलीत सरकवणे. हे तिन्ही उपाय दुखणे वाढवणारे आहेत. व्हायोलाचा हंगाम या भागात जेमतेम अडीच महिन्यांचा असल्याने चुकीच्या उपचारात गेलेले तीन आठवडे परत मिळत नाहीत. रोपे विकणाऱ्याचे नाव खराब होते आणि घेणारा "हे फूल आपल्याकडे होतच नाही" असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

काटकुळी वाढ हा रोग नव्हे. झाडाच्या जमाखर्चातील तूट बाहेरून जशी दिसते, तिचे ते रूप आहे. प्रकाश ही झाडाची मिळकत आणि उष्णता हा त्याचा खर्च. मिळकत घटली किंवा खर्च वाढला की वाढ बारीक, लांब आणि पोकळ होते. तूट नेमकी कोठे आहे हे आधी ओळखावे आणि मगच हात लावावा.

आधी नोंद, मग उपचार

ही शिस्त तंजावूरला नवी नाही. १७९८ ते १८३२ या काळात राज्य केलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल ही संस्था उभी केली होती. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे वैद्य तेथे एकत्र काम करीत. औषधी वनस्पतींची चित्रे राजांनी काढून घेतली. नेत्ररोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या चित्रांसह ठेवल्या गेल्या आणि त्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या आहेत. त्याच ग्रंथालयात तंजावूर दरबाराचे मोडी लिपीतील दप्तरही आहे. रोग्याला औषध देण्यापूर्वी त्याची स्थिती कागदावर उतरवायची, हा त्या नोंदींमागील विचार कुंडीतील झाडालाही तंतोतंत लागू पडतो.

व्हायोलासाठी लागणारी नोंदवही अगदी साधी असते. रोप आणल्याची तारीख, त्या दिवशीची उंची, कुंडीवर थेट ऊन पडते त्या वेळा, पहाटेचे तापमान आणि दिलेले खत, एवढ्या पाच गोष्टी आठवड्यातून एकदा लिहिल्या तरी बहुतेक निदान आपोआप होते.

झाडाचा मूळ स्वभाव

बागेतील व्हायोला आणि तिची मोठ्या फुलांची बहीण पॅन्झी या दोन्ही समशीतोष्ण युरोपातील रानजातींच्या संकरातून घडल्या. रात्री १० ते १३ अंश आणि दिवसा १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात त्यांची वाढ सर्वांत दाट होते. दिवसाचे तापमान २५ अंशांच्या वर राहू लागले की पेरे लांबू लागतात आणि फुलांचा आकार घटतो. थेट उन्हाची त्यांची गरज रोज किमान पाच ते सहा तासांची असते.

तंजावूर सुमारे १०.८ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून शंभर मीटरहूनही कमी उंचीवर वसले आहे. जानेवारीतही येथील रात्र सहसा २० अंशांच्या आसपासच थांबते. पुण्यात त्याच महिन्यात किमान तापमान सरासरी ११ अंशांपर्यंत उतरते. त्यामुळे पुणे-नाशिककडील लागवडीचे वेळापत्रक आणि पद्धत जशीच्या तशी येथे उचलता येत नाही. हे झाड येथे मुळातच काठावर जगते. थोड्याशा सावलीने महाराष्ट्रात जेवढे बिघडते, त्याहून अधिक येथे बिघडते.

दांडा वाचण्याची रीत

झाड कुंडीतून न काढताही त्याच्या दांड्यावरून बरेच काही कळते. दांडा ही तारीखवार लिहिलेली वही समजावी. खालची पेरे जुनी, वरची नवी.

खालची पेरे लांब आणि वरची आखूड असतील, तर दोष रोपवाटिकेतील दाटीचा किंवा अंधाऱ्या खोक्यातील प्रवासाचा आहे. सध्याची जागा योग्य आहे आणि झाड सावरत आहे. याउलट खालची पेरे आखूड व वरची लांब असतील, तर रोप चांगले आले आणि बिघाड येथे आल्यावर झाला.

सर्व दांडे एकाच दिशेने कलले असतील, तर प्रकाश एका बाजूनेच येतो आहे. वाढ सरळ उंच, पाने मोठी, मऊ आणि गर्द हिरवी असतील, तर नत्र अधिक झाले आहे. पाने फिकट, फुले लहान आणि वाढ सर्वत्र विरळ दिसली, तर प्रकाश अपुरा आणि रात्री उष्ण आहेत. ट्रेच्या कडेची रोपे बुटकी पण मधली उंच असतील, तर कारण दाटीचे आहे.

एक गल्लत टाळावी. व्हायोलाच्या फुलाचा देठ मुळातच लांब असतो. फूल पानांच्या वर डोलते, तो तिचा स्वभाव आहे. निदान करताना देठाकडे पाहू नये. पानांच्या दोन बेचक्यांमधील अंतर मोजावे.

पहिले कारण : चौकातील सावली

तंजावूरच्या जुन्या घरांचा चौक उन्हाळ्यातील ताप कमी करण्यासाठी घडवलेला असतो. उंच भिंती आणि मर्यादित आकाश ही रचना माणसांना सुखाची आणि व्हायोलाला अडचणीची ठरते.

२२ डिसेंबरच्या सुमारास तंजावूर येथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ५६ अंश उंचीवर, दक्षिणेकडे असतो. चौकाच्या दक्षिणेची भिंत सहा मीटर उंच असेल, तर तिची सावली भर दुपारीही सुमारे चार मीटर उत्तरेकडे पसरते. चौक पाच मीटर रुंद असल्यास जमिनीवर उन्हाची पट्टी उरते ती अवघी एक मीटरची, तीही उत्तरेच्या भिंतीला लागून. फेब्रुवारीच्या मध्यास सावली पावणेतीन मीटरपर्यंत मागे सरते आणि २१ मार्चच्या सुमारास ती जेमतेम सव्वा मीटर राहते. खरी अडचण येथे आहे. गारवा असतो तेव्हा चौकात ऊन नसते आणि चौकात ऊन येते तेव्हा गारवा संपलेला असतो.

मानवी डोळा मंद प्रकाशाला चटकन सरावतो, म्हणून "चौकात उजेड भरपूर आहे" हा अंदाज फसवा ठरतो. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. मोकळ्या सावलीत तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उतरतो. मोजणीचे साधन नसेल, तर कुंडीच्या वर एक फूट अंतरावर तळहात धरावा. सावली रेखीव पडली तर थेट प्रकाश, पुसट पडली तर मध्यम आणि पडलीच नाही तर अपुरा, असे समजावे. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन अशा तीन वेळा ही पाहणी करावी.

भिंतीची सावली आणि झाडाची सावली यांतही भेद आहे. भिंत प्रकाशाचे प्रमाण घटवते. कडुलिंब वा बदामाच्या पर्णभारातून गाळून आलेल्या प्रकाशाचा मात्र गुणही बदलतो. पाने लाल प्रकाश शोषून घेतात आणि अतिलाल प्रकाश पुढे सोडतात. खालच्या झाडातील रंगद्रव्य हा बदल ओळखते आणि "शेजारी वर चढला, आपणही चढावे" असा संकेत मिळून दांडे लांबतात. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्यासही हेच घडते.

उपाय जागेचा आहे. डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडून उगवून दक्षिणेकडून जातो. म्हणून चौकाच्या वायव्य कोपऱ्यात आणि उत्तरेच्या भिंतीलगत कुंड्या ठेवाव्यात. साठ सेंटिमीटर उंचीच्या घडवंचीवर कुंड्या मांडल्यास, वरील उदाहरणात सावलीची रेषा सुमारे चाळीस सेंटिमीटर मागे हटते. म्हणजे उन्हाची पट्टी जवळपास दीडपट होते. भिंतीला पांढऱ्या चुन्याचा हात दिल्यास परावर्तित प्रकाशही मिळतो. दोन कुंड्यांतील पानांमध्ये किमान चार बोटांचे अंतर राखावे आणि कुंड्या दर तीन दिवसांनी पाव फेरा फिरवाव्यात.

दुसरे कारण : उष्ण रात्र

दिवसा पानांनी तयार केलेली साखर रात्री श्वसनात खर्च होते. रात्र जितकी उबदार, तितका हा खर्च मोठा. अपुरा प्रकाश आणि उष्ण रात्र एकत्र आल्या की झाडाजवळ जाड दांडा, दाट पाने आणि मोठे फूल घडवण्यास भांडवलच उरत नाही. पेशी लांबतात, पण भरत नाहीत.

तंजावूरची रात्र कोणालाही गार करता येणार नाही. कुंडीभोवतीची हवा व माती मात्र दोन-तीन अंशांनी सुखावह करता येते. जाड भिंती आणि गच्चीचा स्लॅब दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर सोडत राहतात. त्यामुळे कुंडी थेट स्लॅबवर वा पश्चिम ऊन खाणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नये. विटांवर किंवा लाकडी फळ्यांवर ती उचलून खालून वारा खेळू द्यावा. प्लॅस्टिकऐवजी मातीची कुंडी घ्यावी. तिच्या अंगातून झिरपणाऱ्या पाण्याच्या बाष्पीभवनाने मुळे थंड राहतात. सकाळचे ऊन पूर्ण द्यावे. दुपारी दोननंतर सावली आली तर ती या झाडाला येथे लाभदायकच ठरते.

दिवसभर शेडनेट लावण्याचा मोह मात्र टाळावा. पन्नास टक्क्यांचे शेडनेट तापमान थोडे घटवते आणि प्रकाश निम्मा करते. खर्च थोडा वाचतो, मिळकत अर्धी जाते. फेब्रुवारीअखेर ऊन कडक झाल्यावर दुपारपुरते ओढता येणारे शेडनेट वापरावे.

तिसरे कारण : नत्र आणि पाणी

वाढ विरळ दिसली की खताचा डोस देण्याची सवय सर्वत्र आहे. बाजारातील १९:१९:१९ या विद्राव्य खतातील नत्राचा मोठा हिस्सा युरिया आणि अमोनिकल स्वरूपात असतो. अशा नत्राने पाने मोठी व मऊ होतात आणि पेरे लांबतात. नायट्रेट नत्र आणि कॅल्शियम यांमुळे वाढ तुलनेने आखूड व कणखर राहते.

लागवडीनंतर पंधरा दिवस खत देऊ नये. पुढे दहा-बारा दिवसांच्या अंतराने कॅल्शियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेट आलटून पालटून, प्रत्येकी एक ग्रॅम प्रति लिटर पाणी या प्रमाणात द्यावे. दोन्ही खते निरनिराळ्या वेळी द्यावीत. शेणखत पूर्ण कुजलेले असावे आणि मिश्रणात त्याचा वाटा पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावा. मिश्रणाचा सामू ५.५ ते ६.२ दरम्यान राखावा. सामू वर गेल्यास लोह व बोरॉन मिळेनासे होतात, शेंड्याची पाने वेडीवाकडी होतात आणि मूळकुजीचा धोका वाढतो. कावेरीकाठची गाळाची माती धान्याला उत्तम असली, तरी कुंडीत ती घट्ट बसते. म्हणून कोकोपीट, कुजलेले खत आणि भरड वाळू यांचे निचऱ्याचे मिश्रण वापरावे.

पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर द्यावे. वरची माती हलक्या रंगाची झाल्यावरच पुढचे पाणी द्यावे, मात्र पाने कोमेजू देऊ नयेत. सायंकाळी पाणी दिल्यास उष्ण, दमट रात्रीत मऊ वाढीला आणि बुरशीला वाव मिळतो.

बिघडलेले झाड कसे सावरावे

एकदा लांबलेले पेर पुन्हा आखूड होत नाही. त्यामुळे उपचार म्हणजे नवी वाढ योग्य परिस्थितीत घडवून आणणे. प्रथम जागा बदलावी आणि चार-पाच दिवस झाडाला तेथे रुळू द्यावे. त्यानंतर छाटणी करावी. जागा न बदलता केलेली छाटणी व्यर्थ जाते, कारण नवे फुटवेही तसेच काटकुळे येतात.

छाटणी एकदम करू नये. निम्मे दांडे तळापासून दोन-तीन पानांच्या वर कापावेत आणि उरलेले निम्मे दहा दिवसांनी. उष्ण हवेत संपूर्ण झाड एकदम भादरल्यास अन्न तयार करणारी पानेच उरत नाहीत. कात्री धारदार व स्वच्छ असावी. सुकलेली फुले देठासह खुडत राहावीत. बीज धरू लागले की झाड फुले देण्याचे थांबवते.

छाटलेल्या झाडाला पुन्हा फुलावर येण्यास तीन ते चार आठवडे लागतात. म्हणून तंजावूर येथे छाटणीची शेवटची वेळ जानेवारीचा तिसरा आठवडा समजावी. त्यानंतर छाटलेले झाड फुलेल तेव्हा दारात उन्हाळा उभा असेल. फेब्रुवारीत काटकुळे झालेले झाड न छाटता, फक्त कोरडी फुले काढत, आहे तसे फुलू द्यावे.

प्रो-ट्रेमधील कोवळी रोपे लांबली असल्यास पुनर्लागवडीत ती बीजदलांपर्यंत खोल लावता येतात. त्याहून खोल लावल्यास मधला कोंब मातीत दबून कुजतो. रोपवाटिकेत रोज सकाळी रोपांच्या शेंड्यांवरून हलक्या काठीने किंवा पुठ्ठ्याने दहा-वीस वेळा अलगद हात फिरवल्यासारखे केल्यास दांडे आखूड व मजबूत होतात. वाऱ्याच्या झुळकीने निसर्गात जे घडते, तेच येथे हाताने केले जाते. पाने ओली असताना मात्र हे करू नये.

वाढनिरोधक संजीवके घरगुती वापरासाठी योग्य नाहीत. व्हायोला पॅक्लोब्युट्राझोलला अतिशय संवेदनशील आहे आणि मात्रा किंचित चुकली तरी वाढ आठवडेच्या आठवडे खुंटते. शिवाय व्हायोलाची फुले खाद्यपदार्थांच्या सजावटीसाठी वापरली जातात. अशा फुलांवर संजीवकाचा अंश राहणे इष्ट नाही.

तंजावूरसाठी वेळापत्रक

ऑक्टोबरातील तंजावूरची उष्णता बियांच्या उगवणीस प्रतिकूल असते. व्हायोलाचे बी १८ ते २० अंशांत, मातीखाली अंधारात दोन आठवड्यांच्या आत उगवते. म्हणून थंड भागातील रोपवाटिकेत ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी करून घ्यावी आणि कळी धरू लागलेली रोपे डिसेंबरच्या मध्यानंतर आणावीत. त्याआधीच्या ढगाळ, पावसाळी आठवड्यांत आणलेली रोपे प्रकाशाअभावी हमखास लांबतात. वाहतूक रात्रीची व कमीत कमी वेळेची असावी. रोपे पोहोचताच खोकी उघडावीत आणि तीन दिवस सकाळच्या उन्हात ठेवून मगच लागवड करावी.

जानेवारी व फेब्रुवारी हे फुलांचे दोन महिने. मार्चच्या मध्यास हंगाम संपला असे मानून कुंडी मोकळी करावी. रोप घेताना गच्च बांध्याच्या, उष्णता सोसणाऱ्या वाणांची चौकशी करावी. पॅन्झीपेक्षा लहान फुलांची व्हायोला उष्णता अधिक सोसते, हेही लक्षात ठेवावे.

कोठे थांबावे

चौकाचे डिसेंबरातील ऊन तीन तासांहून कमी असेल, तर कोणतेही खत वा छाटणी ती तूट भरून काढू शकत नाही. अशा ठिकाणी व्हायोलाचा आग्रह सोडून टोरेनिया लावावा. फुलाचा चेहरा काहीसा तसाच, परंतु उबदार हवा आणि अर्धसावली त्याला मानवते.

व्हायोलाचे कुळ दक्षिणेच्या मैदानाला अगदीच परके नाही. तमिळमध्ये 'ओरिदळ् तामरै', म्हणजे एकपाकळी कमळ, या नावाने सिद्ध वैद्यकात वापरली जाणारी आणि मराठीत रतनपुरुष म्हणून ओळखली जाणारी लहान वनस्पती याच कुळातील आहे. एक मोठी गुलाबी-जांभळी पाकळी घेऊन ती उष्ण मैदानात स्वस्थ वाढते, कारण तिचा जमाखर्च या हवेशी जुळलेला आहे. थंड प्रदेशातून आलेल्या तिच्या नातलगाला तो आपण जुळवून द्यावा लागतो.

त्यासाठी पहिले साधन म्हणजे नोंदवही. या डिसेंबरात रोपे आणण्यापूर्वी एका रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता चौकात उन्हाची सीमा खडूने आखून ठेवावी. तिन्ही रेषांच्या आत जी जागा सापडेल, तेवढ्याच कुंड्या घ्याव्यात. दहा काटकुळ्या झाडांपेक्षा चार गच्च फुललेली झाडे चौकाला अधिक शोभा देतात, आणि पुढील वर्षी रोपे घेण्याचा उत्साहही टिकवून ठेवतात.